एकोणनव्वदावा दिवस

अकरा बरण्या झाल्या होत्या. जॅमच्या चार, काकडीच्या लोणच्याच्या तीन, मोहरीच्या पिवळ्या चटणीच्या दोन, मधाची एक आणि ऑलिव्हची एक. गरम पाण्यात बुडवून, लेबलं नखानं खरवडून, उन्हात पालथ्या घालून मी त्या बाल्कनीतल्या कपाटाच्या खालच्या फळीवर रांगेनं मांडल्या होत्या. जॅमच्या बरण्यांची झाकणं लाल-पांढऱ्या चौकडीची, इतकी गोड की त्या टाकायच्या म्हणजे पापच. सून पुण्याची. ती बोलत काही नाही. पण त्या फळीपाशी आली की तिचा श्वास जरा लांबतो, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

बर्लिनला लेकाकडे आम्ही दोघं 6 एप्रिलला उतरलो. रामनवमी होती आणि रविवार. रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात हे लेकानं फोनवर चारदा बजावलं होतं, म्हणून सुंठवडा मी इंदूरहूनच करून नेला होता. शेंगेन व्हिसाचा हिशोब असा, की कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं. उतरल्याचा दिवस धरायचा, निघाल्याचाही धरायचा. लेकानं 3 जुलैचं तिकीट काढलं. म्हणजे एकोणनव्वद. एक दिवस हाताशी ठेवलेला, विमान चुकलं-बिकलं तर. ह्यांनी बँकेत छत्तीस वर्षं काढलेली, त्यांना हे फार पटलं. "मुदत ठेव आहे," म्हणाले, "मोडायची नाही, वाढवायची नाही." आणि रोज रात्री डायरीत एक आकडा लिहायला लागले.

परदेशी मुलांकडे राहून आलेल्यांच्या हकिगती मी पुष्कळ ऐकल्यात. आमच्या राजेंद्रनगरात मराठी घरं भरपूर, आणि घरटी एक तरी मूल बाहेर. प्रत्येक हकिगतीचा शेवट विमानतळावर होतो. काचेपलीकडे हात हलतो, नातवंडं मोठ्यानं रडतात, डोळे भरून येतात. खोटं कुणीच सांगत नाही. पण एक गोष्ट सगळेच गाळतात, आणि सगळेच गाळतात म्हणून मला वाटायचं की ती फक्त माझ्याच मनात येते. साधारण सत्तराव्या दिवसापासून मला घरी जायची घाई झाली होती.

कुणाचं काही चुकलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणारे सुनेकडे बोट दाखवायला मोकळे.

जाताना चार बॅगा होत्या, प्रत्येकी तेवीस किलोची. युरोपबाहेरून येताना दुधाचे पदार्थ आणि मांस सोबत नेता येत नाही, त्यामुळे मावाबाटी आणि पेढे इथेच राहिले. घरच्या तुपावरून माझं आणि लेकाचं फोनवर जे झालं ते सोडून देते. पण शेव गेली, दोन किलो. आणि जिरावण गेलं. जिरावण म्हणजे काय हे इंदूरबाहेर सांगावं लागतं. जिरं, धने, बडीशेप, सुंठ, आमचूर, काळं मीठ आणि थोडा गरम मसाला मिळून केलेली भुकटी. ती वरून पडली नाही तर ते पोहे इंदूरचे नव्हेत. आमचे पोहे वाफेवर बसलेले असतात. वर शेव, कांदा, डाळिंबाचे दाणे, जिरावण आणि शेजारी जिलेबी. सून म्हणते, ह्यात पोहे कुठे दिसत नाहीत. तिच्या पोह्यांवर ओलं खोबरं असतं. पहिल्या दोन आठवड्यांत या विषयावर आमच्यात फारच सभ्य चर्चा झाली. तिसऱ्या आठवड्यात ती सकाळी आव्होकाडो लावलेल्या टोस्टवर जिरावण भुरभुरवताना मला दिसली. मी लगेच खिडकीबाहेर बघायला लागले.

घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जुन्या पद्धतीची इमारत, दारं उंच, छत उंच, आणि एवढ्या उंच छताला पंखा नाही. जर्मनीत घरांना पंखे नसतातच. एप्रिलमध्ये मला त्याचं काही वाटलं नाही. पण उन्हाळा नसला तरी पंखा आवाजासाठी लागतो, हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं. इंदूरला रात्री पंखा खर्रखर्र करतो, चौकीदार काठी आपटत जातो, समोरच्यांचं कुत्रं उगाच एकदा भुंकून घेतं. बर्लिनला रात्री काहीच नाही. मला माझ्या कानातलंच ऐकू यायचं.

रविवार तर शांततेचाच वार. ड्रिल लावायचं नाही, व्हॅक्यूम फिरवायचा नाही. पहिल्याच महिन्यात एका रविवारी सकाळी मी चटणीला मिक्सर काढला. सून आली. "आई, रविवारी मिक्सर नको ना, खालचे आजोबा तक्रार करतात." मी समजूतदार बाई. मिक्सर ठेवला आणि खलबत्ता काढला. चार ठोक्यांत ती परत आली. "आई, मिक्सरच लावा."

कचऱ्याच्या बाबतीत मात्र मी कुणाचं ऐकून घेतलं नाही. पिवळा डबा पॅकिंगचा, निळा कागदाचा, तपकिरी ओल्या कचऱ्याचा, असं लेक मला हळूहळू, जर्मनी नवीन असलेल्यांना सांगतात तसं सांगायला लागला. मी म्हटलं, बाबा रे, तू इंदूर सोडलंस तेव्हा कोपऱ्यावर उकिरडा होता आणि त्यावर गाय उभी होती. 2017 पासून आपलं गाव देशात पहिलं येतंय. आमच्या गाडीला सहा कप्पे आहेत, तुमच्या अंगणात डबे किती? त्यानं मोजले आणि गप्प बसला. मग मी फोनमधला आमच्या गल्लीतल्या पिवळ्या गाडीचा व्हिडिओ नातवाला दाखवला, गाणं वाजवत येते ती. ही माझी चूक झाली. पुढचे अडीच महिने जेवताना, दात घासताना, झोपताना त्याला तीच गाडी लागायची. ते गाणं कीटातल्या इतर मुलांनाही येतं आता. कीटा म्हणजे तिथली बालवाडी.

ह्यांना वेगळाच नाद लागला. तिकडे पाण्याच्या, सरबताच्या बाटलीवर पंचवीस सेंट अनामत असते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की चिठ्ठी बाहेर येते आणि पैसे परत. बँकेतल्या माणसाला आणखी काय हवं! ते रोज फिरायला जाताना पिशवी नेऊ लागले. एकदा बागेतल्या कचराकुंडीशेजारी दोन बाटल्या नीट उभ्या करून ठेवलेल्या दिसल्या, त्या त्यांनी उचलल्या. लेक सोबत होता, त्याचा चेहरा उतरला. "बाबा, त्या तशा मुद्दाम ठेवतात. काही म्हातारी माणसं बाटल्या गोळा करून त्यावर घरखर्च भागवतात, त्यांना कुंडीत हात घालावा लागू नये म्हणून." ह्यांनी बाटल्या होत्या तशा परत ठेवल्या. त्या दिवसानंतर त्यांनी यंत्राचं नाव काढलं नाही. स्वतःची बाटली मात्र रोज बागेपर्यंत नेत आणि कुंडीशेजारी उभी करून येत.

नातवाची भाषा हा आणखी एक प्रकार. साडेचार वर्षांचा आहे. कीटात जर्मन, आईकडून पुण्याचं मराठी, आणि आता आमचं. आम्ही मल्हाररावांच्या मागोमाग माळव्यात आलेली माणसं, हिंदीच्या शेजारात जवळजवळ तीनशे वर्षं काढली, तर थोडं सांडणारच. आमच्याकडे पाऊस पडत नसतो, तो पडून राहिलेला असतो. आणि कुणी येत नसतं, येऊन राहिलेलं असतं. मे महिन्यात एकदा नातू दारातून ओरडला, "आई, मी बूट घालून राहिलो!" सून हसली, पण रात्री मला हळूच म्हणाली, "आई, तेवढं 'राहिलो' जरा सांभाळून हं. त्याचं मराठी आधीच नाजूक आहे." मी सांभाळलं. निदान तिच्यासमोर.

मला कीटातून त्याला घरी आणायचं काम होतं. तिथे असं कुणीही जाऊन मूल आणू शकत नाही. आईबापांनी लिहून द्यावं लागतं की अमुक व्यक्तीच्या हाती सोपवावं. लेकानं माझं नाव लिहून दिलं, मी पासपोर्ट दाखवला, आणि चार वाजता मी दाराशी उभी राहिले की आतून पाच-सहा पोरं "ओमा! ओमा!" करत यायची. ओमा म्हणजे आजी. तिथली ओमा मी एकटीच साडीतली, त्यामुळे सगळ्यांचीच.

एका दिवसाबद्दल मात्र सविस्तर लिहायचं आहे. मुलांनी आम्हाला सगळं दाखवलं, भिंत, संग्रहालयं, तळी, बंद पडलेल्या टेम्पेलहोफ विमानतळाचं मैदान, जिथे आता धावपट्टीवर लोक पतंग उडवतात. पण मला जे बघायचं होतं ते त्यांच्या यादीत नव्हतं. माझे सासरे सेंट्रल एक्साइजमध्ये होते आणि त्यांचं ऑफिस माणिकबागेत, यशवंतराव होळकरांच्या राजवाड्यात. हा राजवाडा ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे, त्याला ना घुमट ना कमानी. 1930 च्या सुमाराला तरुण महाराजांनी एका तरुण जर्मन वास्तुकाराकडून तो बांधून घेतला, एकार्ट मुथेसियसकडून. सरळ रेषांचा, आतून लखलखीत, आणि त्यातलं पुष्कळसं सामान युरोपातल्या मोठमोठ्या कारागिरांकडून घडवून आणलेलं. पुढे 1980 मध्ये त्या सामानाचा मोनॅकोत लिलाव झाला. सासरे ते वर्तमानपत्र जपून ठेवून होते. "माझं टेबल महाराजांच्या जेवणाच्या खोलीत आहे," असं ते जेवताना हमखास सांगायचे, "आणि खुर्ची सरकारी, एक पाय आखूड."

त्या एकार्टचे वडील हेरमान मुथेसियस हेही नामांकित वास्तुकार, आणि त्यांनी स्वतःसाठी बांधलेलं घर बर्लिनच्या निकोलासे भागात आहे. लेक म्हणाला, शनिवारी जाऊ, गाडीनं. मी म्हटलं, नको. आम्ही दोघं बुधवारी जाणार, लोकलनं.

गेलो. जाताना एकदा उलट्या दिशेच्या गाडीत बसलो, दोन स्टेशनांनी ह्यांच्या लक्षात आलं. निकोलासेचं स्टेशन एखाद्या छोट्या गढीसारखं आहे. तिथून आम्ही फोनवरचा नकाशा उलटसुलट फिरवत चालत राहिलो, एका मोठ्या रस्त्यावर पोचलो, आणि झाडीच्या आड ते उतरत्या छपराचं घर दिसलं. आत जाण्याचा प्रश्नच नव्हता. फाटकापासून अंतर ठेवून आम्ही उभे राहिलो. हे म्हणाले, "ह्या घरातला मुलगा आपल्याकडे येऊन राजवाडा बांधून गेला." मी म्हटलं, "आणि आपले बाबा तिथे बसून फायली लिहून गेले." मग बाकावर बसून घरून नेलेले पराठे खाल्ले. समोरून कुत्रा फिरवणाऱ्या एक बाई गेल्या, त्यांनी मान हलवून काहीतरी म्हटलं, आम्ही "मॉर्गन", म्हणजे शुभ सकाळ, म्हणालो. दुपारचे दोन वाजले होते.

परतताना गाडी बरोबर पकडली. आणि खिडकीपाशी बसल्या बसल्या मला एकदम माझं स्वयंपाकघर आठवलं. कुठला सण नाही, कुणी माणूस नाही. ओट्याच्या कोपऱ्यातली तेलाची किटली आणि तिच्याखालचा कागद. तो कागद बदलायला झाला असेल, असं वाटलं. डायरीत त्या रात्री आकडा होता सदुसष्ट.

आई जेव्हा घर आठवते म्हणते तेव्हा मुलांना वाटतं आपलं कुठे कमी पडलं. म्हणून मी काही म्हटलं नाही. पण त्यानंतर मी मनातून निघायलाच लागले. संध्याकाळी बाल्कनीत उभी राहून, बर्लिनचं ते साडेनऊपर्यंत न मावळणारं ऊन अंगावर घेत, मी इंदूरच्या घरातली कामं लावत बसायची. गच्चीचा ड्रेन साफ करून घ्यायचा. आषाढी 6 तारखेला, म्हणजे पोचल्यावर एक दिवस मिळतो, साबुदाणा भिजवायला बरं. नातू मांडीवर असायचा आणि मी इंदूरला. मग स्वतःचीच लाज वाटायची आणि मी त्याला एक गोष्ट जास्तीची सांगायची.

फ्रिजवर त्यांचं एक कॅलेंडर आहे, घरातल्या प्रत्येकाचा वेगळा रकाना असलेलं. आम्ही गेल्यावर सुनेनं एक रिकामा रकाना आम्हाला दिला होता, वर 'आई-बाबा' लिहून. डॉक्टर, बाग, कीटा, सगळं त्यात. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मी सहज पान उचलून जुलै पाहिला. 3 तारखेला आमच्या रकान्यात विमानाचं चित्र होतं, नातवाच्या हातचं, तीन पंखांचं. आणि 5 तारखेला, शनिवारी, सुनेच्या बारीक अक्षरात: ग्रिल, 12 जण. म्हणजे कोळशावर भाजून खायची मेजवानी. शेजारी एक छोटा चेहरा, हसरा.

खोटं कशाला बोलू, मला लागलं. आपण गेल्यावर दोनच दिवसांत बारा जण! पान सोडलं आणि कांदे चिरायला घेतले, कांद्यांवर ढकलता आलं.

सोमवारी सकाळी मी इंदूरला कामवालीला फोन लावला. तिकडे साडेबारा वाजले होते. "हाँ, तीन को निकलेंगे, चार को दोपहर तक. तू सुबह आके झाडू-पोछा कर लेना, चाबी शर्माजी के यहाँ है. और दूधवाले को बोल देना, शुक्रवार शाम से चालू करे. हाँ, एक लीटर. और सुन, पंखे पोंछ देना." फोन ठेवून वळले तर लेक पॅसेजमध्ये कॉफीचा मग घेऊन उभा.

दिवसभर तो काही बोलला नाही. रात्री दहाला मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले, बाहेर अजून उजेडाची कड होती, तो आला आणि खुर्ची ओढून बसला.

"आई, दूध शुक्रवारपासून का?"

"ऐकलंस?"

"तू इंदूरशी बोलताना फोनची गरज नसते."

मी हसले नाही. म्हटलं, "आणि पाच तारखेला बारा जण येणार आहेत ते?"

त्याचा चेहरा शाळेत असताना व्हायचा तसा झाला. "आई, ते... म्हणजे तुम्ही असताना बोलावलं असतं तर तुम्हालाच..."

"बरं."

"तसं नाही गं."

"मग कसं?"

तो जरा वेळ हातातला मग नुसता फिरवत राहिला. मग म्हणाला, "मला तीन महिने रात्री फ्रिज उघडता आलेला नाही. उघडला की तू आतून विचारतेस, काय हवंय रे. मला काही नको असतं, आई. मला नुसता उघडून बघायचा असतो."

आणि मला हसू फुटलं. इतकं, की ग्लास खाली ठेवावा लागला. मी म्हटलं, "मला तीन महिने टीव्ही मोठ्यानं लावता आला नाही. आणि दुपारी जमिनीवर चटईवर पाय पसरून पडता आलं नाही, तुझी सून लगेच विचारते बरं नाही का." "तुझी सून काय, माझी बायको आहे," असं म्हणत तोही हसायला लागला. आवाजानं ती उठून आली. त्यानं सगळं सांगून टाकलं, दूध, ग्रिल, फ्रिज. ती कानापर्यंत लाल झाली. मग स्टूल घेऊन आमच्यात बसली आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "आई, मग आता बरण्यांचं बोलू का?"

हे तेवढे झोपले होते. त्यांनी डायरीत आकडा लिहून ठेवला होता आणि त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता.

त्या रात्री मला माझी आई आठवत राहिली. माझं माहेर ग्वाल्हेरचं, तिथल्या लष्कर भागातलं. 1985 मध्ये हाच लेक झाला तेव्हा आई इंदूरला येऊन सव्वा महिना राहिली होती. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, धुरी, सगळं तिनं केलं. रात्र-रात्र बाळ तिच्या पायावर. ती ज्या रात्रीच्या गाडीनं गेली, त्याच्या दुसऱ्या दुपारी मी खोलीचं दार लावलं, बाळ शेजारी टाकलं आणि पलंगावर आडवी तिडवी पसरून तीन तास झोपले. बाळंतपण झाल्यापासून इतकी गाढ झोप लागली नव्हती. उठले तेव्हा मन हलकं होतं, आणि मन हलकं आहे हे लक्षात आल्यावर मी रडले. आईनं एवढं केलं आणि ती गेल्याचा आपल्याला मोकळेपणा वाटतो, आपण कसली लेक! हे मी कुणाला सांगितलं नाही, ह्यांनाही नाही. चाळीस वर्षं झाली.

आठवड्यानं तिचं पोस्टकार्ड आलं. "सुखरूप पोचले. घरी आल्यावर फार बरं वाटलं. बाळाला टाळू भरून तेल लाव." मला तेव्हा त्या 'फार'चा राग आला होता. माझ्याकडे असताना बरं नव्हतं वाटत का? ते कार्ड मी ठेवलेलं आहे. इंदूरच्या कपाटात, साड्यांच्या खाली.

बरण्यांचा तह झाला. तीन मी घेऊन जायच्या, चौकडीच्या झाकणांच्या. चौथीत उरलेलं जिरावण भरून बर्लिनलाच ठेवायचं. बाकी सात टाकायच्या. शनिवारी सकाळी मी आणि नातू काचेच्या डब्यापाशी गेलो. पांढरी काच वेगळी, रंगीत वेगळी, झाकणं आधी काढून पिवळ्या डब्यात. आणि रविवारी किंवा रात्री टाकायच्या नाहीत, कारण आवाज होतो. तो आवाज काय असतो हे मला माहीत नव्हतं. मी त्याला कडेवर उचललं, त्यानं पहिली बरणी भोकात सोडली. आत खाली कुठेतरी ती फुटली, अशी खणखणीत, की मी दचकले. तीन महिने धुऊन-पुसून ठेवलेली माझी बरणी.

"नॉखमाल!" तो किंचाळला. म्हणजे परत.

दुसरी टाकली. तिसरी मी टाकली. चौथ्या बरणीला मला मजा यायला लागली होती, हे कबूल करायला हवं. सातवी कोण टाकणार यावर आमचं भांडण झालं आणि शेवटी दोघांनी धरून टाकली. जाताना तो डब्याला "चूस", म्हणजे अच्छा, म्हणाला, मीही म्हणाले.

शेवटचे चार दिवस फार छान गेले. आता लपवायचं काही नव्हतं. लेक रात्री फ्रिज उघडून उभा राहायचा आणि मी खोलीतून ओरडायची, "मी विचारत नाहीये!" सुनेनं एका दुपारी हॉलमध्ये माझ्यासाठी चटई अंथरून दिली. जुलै लागताच उकाडा एवढा वाढला की चौथ्या मजल्यावर सगळे जमिनीवर, ओले पंचे कपाळावर घेऊन. "बघा," मी म्हटलं, "पंखा." त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.

कीटात शेवटच्या दिवशी पोरांनी माझं चित्र काढून दिलं, साडी म्हणून एक मोठी जांभळी भेंडोळी. कीटाच्या यादीतून माझं नाव काढून टाकायला सांग, अशी मी लेकाला आठवण केली. तो म्हणाला, "कशाला काढायचं? राहू दे." मी पर्समध्ये उगाच चष्मा शोधला.

विमानतळावरचं लिहीत नाही. ते तुम्हाला माहीत आहे, अगदी तसंच झालं. फ्रँकफर्टला विमान बदलायचं होतं. ह्यांच्या हातात पाण्याची रिकामी बाटली होती. ती घेऊन त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मग एका कचराकुंडीशेजारी नीट उभी करून ठेवली, थोडी मागे सरकवली, कुणाच्या पायात येऊ नये म्हणून. मग म्हणाले, "एकोणनव्वद," आणि डायरी बंद केली. तेव्हा मात्र मला रडू आलं, बाटलीकडे बघून.

शुक्रवारी दुपारी इंदूरला उतरलो तर पाऊस पडून राहिला होता. आता हे म्हणायला कुणाची परवानगी नको. शर्माजींकडून किल्ली घेतली. फरशी पुसलेली, पंखे पुसलेले. तेलाच्या किटलीखालचा कागद बदलला. संध्याकाळी दूध आलं. रात्री पंखा पाचावर लावून मी चटईवर पडले, तो खर्रखर्र करायला लागला आणि मला कधी झोप लागली कळलं नाही. फार बरं वाटलं.

शनिवारी सकाळी आठला गाडीचं गाणं ऐकू आलं तशी मी फोन घेऊन खाली धावले. तिकडे पहाटेचे साडेचार, नातू झोपलेला. गाडीचे सहाही कप्पे, गाणं, पावसात भिजलेला पिवळा रंग, आणि "आंटी, बहुत दिन बाद दिखे" म्हणणारा गाडीवरचा मुलगा, असा सगळा व्हिडिओ घेऊन पाठवला.

रात्री साडेनऊला त्यांचा फोन आला. मागे गलका, हसणं, जर्मन, इंग्रजी, कुणाचंतरी हिंदी. नातवानं फोन हातात धरून मला टेबलावरून फिरवलं. कोळशावर मक्याची कणसं भाजत होती. एक उंच, सोनेरी दाढीचा माणूस चौकडीच्या झाकणाची बरणी उलटी करून कणसावर आपटत होता.

"आजी," नातू ओरडला, "जिरावण संपून राहिलं!"

मागून सुनेचा आवाज आला, "संपत आलंय म्हणावं, राजा." मग फोन तिच्या हातात गेला, तिच्या गालाला कोळसा लागलेला. "आई, पण खरंच हो," ती म्हणाली, "संपूनच राहिलंय."